ग्रँट मिळाली, पण पैसे आधी आपण घालायचे: सही करू का?

पत्र

नमस्कार ताई,

मी अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या शहरात राहते, दिवसा अकाउंटिंगची नोकरी करते आणि गेली तीन वर्षं एका छोट्या नॉनप्रॉफिटची बिनपगारी खजिनदार आहे. शहराच्या गरीब भागात एका चर्चच्या बेसमेंटमध्ये आमचा शाळेनंतरचा अभ्यासवर्ग चालतो, ३८ मुलं, दोन पार्टटाइम शिक्षिका, एक डायरेक्टर. यंदा पहिल्यांदाच शहराची सीडीबीजी (केंद्राकडून वस्तीविकासासाठी येणारी) ग्रँट मिळाली, ४०,००० डॉलर. सगळे खूश होते, मग कॉन्ट्रॅक्ट आलं आणि वाचलं तर खर्च आधी आम्ही करायचा, दर तिमाहीला बिलं पाठवायची, मग शहर पैसे देणार. आमच्या खात्यात ११,००० आहेत आणि त्यातले ४,००० एका देणगीदाराने मुलांच्या उन्हाळी सहलीसाठी दिलेत. दुसरं म्हणजे प्रत्येक मुलाच्या घरच्या उत्पन्नाचा फॉर्म लागणार. बरेचसे पालक इमिग्रंट आहेत, फॉर्म बघूनच घाबरले, दोघी आयांनी तर मुलांना पाठवणंच बंद केलंय. डायरेक्टर म्हणते, "कोण कसं राहतं ते आपल्याला माहितीये, आपणच भरून टाकू." बोर्डातले म्हणतात आता नाही म्हटलं तर परत कधीच मिळणार नाही. ग्रँट १ ऑक्टोबरपासून आहे, कॉन्ट्रॅक्टवर माझीही सही हवीये. मी उगाच घाबरतेय का?

– एक खजिनदार

उत्तर

नाही हो, अजिबात उगाच नाही. उलट त्या खोलीत कॉन्ट्रॅक्ट शेवटच्या पानापर्यंत वाचणारी तुम्ही एकटीच होतात असं मला पत्रावरून वाटतंय, आणि मी स्वतः नऊ वर्षं अशाच एका संस्थेत प्रोग्रॅम बघितलाय, नंतर आमच्या शहराच्या ग्रँट कमिटीवर बसून अर्जही वाचलेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते: आज सही करू नका. पण ग्रँट परतही करू नका. या दोन्हीच्या मधे बरंच काही करता येतं आणि ते करायला तुमच्याकडे अजून दोन-तीन आठवडे आहेत.

आधी पैशाचं बोलू कारण संस्था बुडते ती तिथे.

तुम्ही अकाउंटिंगवाल्या आहात, तरी हे एकदा कागदावर मांडून बोर्डासमोर ठेवा, कारण "रीइम्बर्समेंट" (आधी खर्च, मग परतावा) हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की बिल दिलं की आठवड्यात चेक. ४०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला साधारण ३,३३३. सहलीचे ४,००० बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही, देणगीदाराने ज्यासाठी दिले त्यालाच ते जाणार. राहिले ७,०००. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून ६,६६६ गेले, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पगाराला खात्यात तीनशे-साडेतीनशे डॉलर, आणि तेव्हा तर तुम्ही पहिलं बिल पाठवलेलंही नसणार, कारण तिमाही डिसेंबरअखेर संपते. जानेवारीच्या मध्यावर बिल जाईल, पहिलं बिल हमखास काहीतरी राहिलं म्हणून परत येतं (सगळ्यांचं येतं, त्यात वाईट वाटून घेऊ नका), दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, मग पैसे यायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला असं धरा. तोपर्यंत तुमच्या खिशातून १५,००० गेलेले असतील. ७,००० मधे १५,००० ची पदरमोड होत नाही, यात धाडसाचा काही प्रश्नच नाही, हा निव्वळ हिशोब आहे.

आणि अशा वेळी काय होतं ते मी बघितलंय. डिसेंबरात पैसे संपले की कुणीतरी म्हणतं, "पगार देऊ, टॅक्स पुढच्या महिन्यात भरू." शिक्षिकांच्या पगारातून कापलेला इन्कम टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे पैसे तेवढ्यापुरते वापरायचे. हे कधीही, कधीही होऊ देऊ नका. ते पैसे संस्थेचे नसतातच, कर्मचाऱ्यांच्या वतीने सरकारसाठी सांभाळलेले असतात, आणि ते भरले नाहीत तर आयआरएस, म्हणजे केंद्राचं कर खातं, संस्थेच्या मागे लागून थांबत नाही, ज्या माणसाच्या हातात कुणाला पैसे द्यायचे हे ठरवायचा अधिकार होता त्याच्याकडून वैयक्तिक वसूल करू शकते, दंड म्हणून तेवढीच पूर्ण रक्कम. नुसत्या नावापुरत्या बिनपगारी बोर्ड मेंबरला कायद्यात थोडी सूट आहे, पण चेकवर सह्या करणारी, रोजचा हिशोब माहीत असणारी खजिनदार त्या सुटीत बसेलच असं धरून चालू नका. तुम्ही "माझीही सही हवीये" असं लिहिलंय ना, त्या सहीचा अर्थ हा आहे.

आता उपाय. बहुतेक छोट्या संस्था शहराकडून आलेलं कॉन्ट्रॅक्ट दगडावरची रेघ समजतात. तसं नसतं. सीडीबीजी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, १९७४ च्या कायद्यातून आलेला केंद्राचा पैसा, हड, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून शहराला आणि शहराकडून तुम्हाला, आणि म्हणून त्याला केंद्राचे हिशोबाचे नियम लागतात, २ सीएफआर भाग २०० नावाने. त्यातलं कलम २००.३०५ काढून वाचा, दोनच पानं असतील. त्यात मूळ नियम उलटा आहे! पैसा वेळेवर आणि नीट वापरण्याची लेखी पद्धत आणि हिशोबाची व्यवस्था असेल तर पैसे आगाऊ द्यायचे, असा. रीइम्बर्समेंट ही त्यानंतरची पायरी आहे, तरी बहुतेक शहरं सरसकट तीच वापरतात, कारण त्यांना ती सुरक्षित वाटते. आणि तिथेच पुढे तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी एक सोय आहे, वर्किंग कॅपिटल ॲडव्हान्स, म्हणजे ज्या संस्थेकडे आधी खर्च करायला खेळतं भांडवल नाही म्हणून रीइम्बर्समेंट जमण्यासारखं नाही, तिला सुरुवातीच्या काळापुरते पैसे आधी देता येतात आणि मग पुढे नेहमीसारखी बिलं. शहरावर हे बंधनकारक नाही, "देता येतात" इतकंच आहे, पण मागितलंच नाही तर कोण स्वतःहून देणार?

अजून एक ओळ त्याच कलमात आहे जी मी कमिटीवर बसेपर्यंत मलाही माहीत नव्हती आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं: रीइम्बर्समेंट असेल तर बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, बिलात काही गैर आहे असं वाटायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही एका वर्षी चार-चार महिने वाट बघत बसलो, दर आठवड्याला गोड आवाजात फोन, आणि बोलायला आमच्या हातात काहीच नव्हतं.

तर शहराच्या ग्रँट मॅनेजरला फोन नको, ईमेल करा, आणि तीन गोष्टी मागा: पहिल्या दोन महिन्यांचा ॲडव्हान्स, तिमाहीऐवजी दर महिन्याला बिल, आणि ३० दिवसांची मुदत कॉन्ट्रॅक्टमधे लिहून. नुसतं महिन्याचं बिल मान्य झालं तरी तुमचं गणित बदलतं, बघा: ऑक्टोबरचं बिल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे आले तर ७,००० मधे जेमतेम निभावतं. जेमतेम म्हणतेय, एक बिल परत आलं की अडलं घोडं. म्हणून सोबत एक आधार हवाच. गावातलं कम्युनिटी फाउंडेशन असेल, नॉनप्रॉफिटना कर्ज देणारे लोन फंड असतात, त्यांना ही गरज ओळखीची असते, शहराचं सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट दाखवलं की त्यावर ते पुलासारखं छोटं कर्ज देतात. फक्त लक्षात ठेवा, रोजच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज या ग्रँटमधे लावता येत नाही, ते तुम्हाला बाहेरून उभं करावं लागेल, त्यामुळे बिनव्याजी मिळतंय का ते आधी बघा. एखादा देणगीदार "सहा महिन्यांसाठी १०,००० ठेवते, मग परत द्या" म्हणणारा सापडला तर त्याहून चांगलं, पण तेही लेखी करा, घरातलं माणूस असलं तरी, आणि ते माणूस तुम्ही स्वतः तर अजिबात होऊ नका.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? तर ग्रँट लहान करून मागा. हे कुणी करत नाही कारण लाज वाटते, पण २०,००० ची ग्रँट नीट चालवणारी संस्था कमिटीवर बसलेल्या माणसाला ४०,००० मधे धडपडलेल्या संस्थेपेक्षा कितीतरी जास्त भरवशाची वाटते. एक शिक्षिका ग्रँटवर, दुसरी तुमच्या नेहमीच्या देणग्यांवर, जशी आत्ता चाललीये तशी. किंवा तुमच्या भागात एखादी मोठी संस्था सीडीबीजी वर्षानुवर्षं घेत असेल तर ती मुख्य आणि तुम्ही तिच्या हाताखाली, असंही करतात, त्यात थोडं स्वातंत्र्य जातं पण पगार थांबत नाहीत. "नाही म्हटलं तर परत कधीच मिळणार नाही" हे बोर्डाचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या कमिटीत नाही म्हणणाऱ्यांवर कुणी राग धरल्याचं मला आठवत नाही. घेतली, मधेच सोडली आणि पैसे पडून राहिले, त्यांचं नाव मात्र पक्कं लक्षात राहायचं, कारण हड शहरांनाही वेळेत खर्च झाला का विचारतं, वर्ष संपायच्या ६० दिवस आधी शहराच्या खात्यात वर्षाच्या ग्रँटच्या दीडपटीपेक्षा जास्त पडून असेल तर शहरालाच उत्तर द्यावं लागतं.

बजेट पण परत एकदा बघा, त्यात फक्त पगार आणि वह्या-पुस्तकं आहेत का? शहर इन्शुरन्स मागणार, बहुतेक स्वतःचं नाव त्या पॉलिसीवर घालून मागणार. हिशोब ठेवण्याचा खर्च, डायरेक्टरचा रिपोर्ट लिहायचा वेळ, फोन, सॉफ्टवेअर, हे सगळं "इनडायरेक्ट" म्हणून लावता येतं आणि ज्यांचा वेगळा ठरलेला दर नाही त्यांना आता १५ टक्क्यांपर्यंत सरसकट दर घेता येतो, आधी १० होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून वाढवलाय. छोट्या संस्था हे सोडून देतात, कारण त्यांना वाटतं की वरखर्च दाखवला तर आपण लोभी दिसू. सोडू नका. तो वेळ कुणाच्या तरी संध्याकाळीतूनच जातोय, तुमच्याच जात असेल.

आता फॉर्मचं. डायरेक्टरचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मला ती वाईट बाई वाटत नाही, तिला त्या मुलांची घरं खरंच माहीत असतील आणि ती गरीबच असतील. पण पालकांच्या वतीने उत्पन्न लिहायचं आणि त्यांची सही करायची याला बनावट कागद म्हणतात, आणि त्या कागदावर तुम्ही केंद्राच्या पैशाचं बिल लावणार. अमेरिकेत यासाठी १८६३ पासूनचा कायदा आहे, फॉल्स क्लेम्स ॲक्ट, यादवी युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी आणलेला, आणि तो आजही जिवंत आहे, त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि वर प्रत्येक खोट्या बिलामागे दंड. हे तिला धमकी म्हणून नका सांगू. एवढंच सांगा की फॉर्म भरणार ते पालक, नाहीतर तो फॉर्म रिकामा राहील.

आणि रिकामा राहिला तरी चालतं, हे कुणी सांगितलंय का तुम्हाला? तुमच्यासारख्या कार्यक्रमाला सर्वसाधारण नियम असा आहे की लाभ घेणाऱ्यांपैकी किमान ५१ टक्के कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या घरातले असले पाहिजेत, म्हणजे त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत, घरात माणसं किती त्यावर आकडा बदलतो. ३८ मुलांचे ५१ टक्के म्हणजे २०. वीस खरे फॉर्म! ज्यांनी दिला नाही ती मुलं "कमी उत्पन्नाची नाहीत" अशी धरायची, बस, त्यांना वर्गातून काढायचं नाही. फक्त तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधे शहराने स्वतःहून जास्त कडक आकडा घातलाय का ते बघा, काही शहरं "सगळेच कमी उत्पन्नाचे" असं लिहून ठेवतात आणि तसं असेल तर तो आकडा आत्ता, सही करायच्या आधी, खाली आणून मागायचा. शिवाय फॉर्म म्हणजे पगाराच्या पावत्या असंही नाही, पालकांनी स्वतः लिहून सही केलेलं हड मान्य करतं, किंवा तेवढीच कडक उत्पन्नाची अट असलेल्या दुसऱ्या योजनेत ते कुटुंब बसतं याचा कागद. आणि कार्यक्रमाचं स्वरूप आणि जागा अशी असेल की येणारे बहुतेक गरीबच असणार हे उघड आहे, तर त्या आधारावरही शहर मंजुरी देऊ शकतं, मग घराघरांतून उत्पन्न विचारायची गरजच कमी होते. कुठला मार्ग धरायचा हे शहर ठरवतं, पण "आमच्यासाठी दुसरा मार्ग बसतो का" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पालकांच्या भीतीबद्दल मात्र नियम सांगून भागणार नाही. आमच्याकडे एक आई होती, लाँड्रीत काम करायची, वर्ग सुटायच्या वेळी थेट कामावरून यायची, हाताला ब्लीचचा वास असायचा. फॉर्म समोर ठेवला, तिने मुलाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, उत्पन्नाच्या चौकटीवर पेन टेकवला आणि थांबली. मला वाटलं आकडा आठवतेय. तिने विचारलं, "हा कागद तुमच्याकडे राहणार का त्यांच्याकडे? आणि किती वर्षं?" मला उत्तर माहीत नव्हतं, आणि आधीच्या अठरा पालकांना मी "काही काळजी करू नका" म्हणून तोंड भरून सांगितलं होतं. त्या दिवशी मी सगळे फॉर्म गोळा करून बंद केले, शहराकडून लेखी उत्तर आणलं की मूळ फॉर्म आमच्या कुलुपाच्या कपाटात राहील, शहराला रिपोर्टमधे फक्त आकडे जातील, तपासणीला आले तर आमच्याच ऑफिसात बसून बघतील, आणि ग्रँट संपल्यावरही तो काही वर्षं ठेवावा लागेल. ते पत्र स्पॅनिशमधे करून भिंतीवर लावलं. तरी चार जणांनी फॉर्म दिला नाहीच. त्यांची मुलं येत राहिली.

तुमच्या शहराचं उत्तर वेगळं असू शकतं, काही ठिकाणी फॉर्म अपलोड करायला लावतात, म्हणून आमचं उत्तर त्यांना सांगू नका, तुमचं आणा. किमान ३ वर्षं कागद ठेवायला लागतात, शहर जास्त मागू शकतं. उत्पन्नाच्या फॉर्ममधे माणसं किती, उत्पन्न किती, वंश, घर एकटी बाई चालवते का, एवढं असतं. त्याहून जास्त, म्हणजे इमिग्रेशनबद्दल काही विचारायला शहर सांगत असेल तर तेही लेखी घ्या आणि पालकांकडे जायच्या आधी तिथल्या लीगल एडच्या (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या) वकिलाला दाखवा, कारण या विषयातली सरकारी भूमिका अलीकडे बदलतेय. आणि जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन पालकांना देऊ नका, कितीही वाटलं तरी.

कागदपत्रांचं एक सांगते कारण ते माझ्याकडून झालंय. आमच्या दुसऱ्या वर्षी शहराची बाई तपासणीला आली, शांत, पन्नाशीची, सोबत पट्टी घेऊन आली होती आणि टाइमशीटवर ती एकेक ओळ खाली सरकवत होती. नोव्हेंबरवर आली, पट्टी थांबली. गुरुवार, थँक्सगिव्हिंग, सेंटर बंद, आणि तिन्ही शिक्षिकांच्या नावापुढे चार-चार तास. मी महिनाअखेरीला बसून सगळ्यांचे तास एकाच बैठकीत, एकाच निळ्या पेनाने भरले होते, कारण शिक्षिका विसरायच्या आणि बिल अडायचं. कुणी चोरी केली नव्हती, त्यांनी त्या आठवड्यात जास्तच काम केलं होतं. पण ती म्हणाली, "मग हा एक दिवस खोटा असेल तर बाकीचे खरे कशावरून?" आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. त्या तिमाहीचे पगार नामंजूर झाले, आम्हाला ते शहराला परत करावे लागले, एका शिक्षिकेचे तास आम्ही वसंतात कमी केले. ती पुढच्या वर्षी आली नाही. म्हणून टाइमशीट ज्याची त्याने भरायची, त्या आठवड्यातच, त्याने सही करायची आणि मग डायरेक्टरने, आणि ग्रँटचे तास वेगळे, इतर कामाचे वेगळे. पहिल्या दिवसापासून. नंतर जुळवू म्हटलं की ते जुळत नाही.

छोट्या दोन गोष्टी राहिल्या. ग्रँट मिळाल्याचं पत्र म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नव्हे. कॉन्ट्रॅक्टवर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन, शहराने आपली पर्यावरणाची कागदी तपासणी संपवून (अभ्यासवर्गाला सुद्धा लागते, त्यांच्या बाजूचा एक फॉर्म असतो) "सुरू करा" म्हणेपर्यंत १ ऑक्टोबर आला तरी ग्रँटच्या नावावर खर्च टाकू नका, तो परत मिळेल याची खात्री नसते. आणि तुमचा वर्ग चर्चमधे आहे, त्याला हरकत नाही, पण वर्गाला जोडून प्रार्थना होत असेल तर ती वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी आणि ज्याला यायचं त्यानेच, ग्रँटच्या तासांत नाही. पास्टरना आधीच नीट सांगितलंत तर त्यांनाही वाईट वाटत नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी या पैशाच्या विरोधात आहे. नाही हो. हे पैसे आहेतच मुळी त्या वस्तीसाठी. कायद्यानेच सीडीबीजीचे किमान ७० टक्के कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी गेले पाहिजेत, पण अभ्यासवर्ग, जेवण, म्हाताऱ्यांची सोय अशा सेवांवर शहराला साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, बाकी रस्ते, घरं, इमारती. म्हणजे त्या छोट्याशा हिश्श्यासाठी गावातल्या सगळ्या संस्था रांगेत असतात आणि तुमची निवड झाली, ती उगाच नाही झाली, कुणीतरी तुमचा अर्ज वाचून म्हटलंय की या बेसमेंटमधे चाललंय ते खरं आहे. मला फक्त असं वाटतं की शहराचा पैसा आधी लावायचा भार नेहमी सगळ्यात कमी पैसे असलेल्या संस्थेवर पडतो आणि हे बरोबर नाही, आणि ते शहराला सांगायची जागा आहे. या पैशाच्या आराखड्यावर शहराला वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि आराखड्यावर ३० दिवस लोकांचं म्हणणं घ्यावं लागतं. तिथे खुर्च्या रिकाम्या असतात, मी बसलेय तिथे. आणि एकदा एका आजोबांनी माइकवर येऊन दोन मिनिटांत सांगितलं की त्यांच्या नातवाच्या वर्गाला चार महिने शहराने पैसे दिले नाहीत म्हणून शिक्षिका गेली, तेव्हा त्या वर्षापासून आमच्या शहरात छोट्या संस्थांची बिलं महिन्याला घ्यायला लागले. पुढच्या सुनावणीची तारीख आत्ताच काढून ठेवा आणि तुमच्याकडच्या दोन-तीन पालकांना विचारा येता का, ज्यांना भीती नाही त्यांनाच.

तर या आठवड्यात ग्रँट मॅनेजरला ईमेल, त्यात ॲडव्हान्स, महिन्याचं बिल, ३० दिवस, उत्पन्नाच्या फॉर्मचा दुसरा मार्ग, ५१ टक्क्यांचा आकडा, आणि फॉर्म कुठे राहणार आणि किती वर्षं, हे सगळं विचारा. उत्तर येईपर्यंत बोर्डाला सांगा खजिनदाराची सही थांबलीये, आणि असं सांगताना माफी मागू नका.

पण त्या ईमेलच्याही आधी त्या दोघी आयांकडे जाऊन या. डायरेक्टरला घेऊन जा, पालकांशी तिची ओळख तुमच्यापेक्षा जुनी असणार. फॉर्म नेऊ नका. फक्त सांगा की मुलाला उद्यापासून पाठवा, कागद भरला नाही तरी त्याची जागा आहे. आणि कॉन्ट्रॅक्टमधे उद्या तसं लिहून नाही मिळालं, तर त्या दोन मुलांचा खर्च ग्रँटबाहेरून करायचा, दोन मुलांचा तेवढा खर्च तुमच्या देणग्यांमधे बसवा.